‘हे खरे आहे काय’वाल्या कुमुदताई

कुमुदताई टिपणीस गेल्या, तेव्हा डोंबिवलीत शोकसभा झाली आणि बोलायला उठलेल्या प्रत्येकाने त्यांना ‘लढवय्या नेत्या’ म्हटलं. मी मागच्या रांगेत बसून दातओठ खात होते. लढवय्या कसल्या डोंबलाच्या! बाईंनी जन्मात कधी आवाज चढवला नाही, माईक ओढला नाही, कुठल्या टेबलावर चढल्या नाहीत. ताई चौकस होत्या. भोचक म्हणा हवं तर, त्यांना चाललं असतं. त्या विरोधी पक्षाच्या आमदार होत्या हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्या वधू-वर सूचक मंडळ चालवायच्या. आणि माझं ठाम मत आहे की विधानसभेत जाऊन त्यांनी तेच काम केलं. फक्त समोर मुलाच्या आईऐवजी मंत्री असायचा.

मंडळ त्यांच्या घरातच होतं, डोंबिवली पूर्वेला. मी खालच्या मजल्यावर राहते. एकदा विरजण मागायला वर गेलेले, तर फोन वाजत होता. ताई म्हणाल्या, “अगं नीला, उचल जरा.” तो जो उचलला तो पुढची सगळी वर्षं मीच उचलत राहिले. पगाराचं काही विचारलं की म्हणायच्या, “तुझ्या मुलीचं लग्न फुकट जमवीन.” मला मुलगी नाही, दोन्ही मुलगेच. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ठेंगणी मूर्ती, सुती साडी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आमदार झाल्यावर पक्षातल्या कोणीतरी सुचवलं, ताई, जरा बरी चप्पल घाला. ताई म्हणाल्या, “मी बूट घातलेत म्हणून आपलं सरकार आलं नाही का?” तो बिचारा पुन्हा पायाकडे बघेना. पर्समध्ये मात्र एक स्टीलची डबी असायची, आवळा सुपारीची. ती कधी कोणाला द्यायची याचा त्यांचा नेम होता. अवघड प्रश्न विचारायच्या आधी. समोरचा सुपारी तोंडात टाकायचा, गाल फुगलेला असायचा, आणि नेमका तेव्हा प्रश्न यायचा.

“फ्लॅट स्वतःचा आहे म्हणालात.”

“हो हो, स्वतःचा.”

“स्वतःचा म्हणजे कोणाचा? मुलाचा, बापाचा, की बँकेचा?”

माणूस चघळत राहायचा. मग म्हणायचा, तसं थोडं लोन आहे. ताई मान किंचित कलती करून म्हणायच्या, “पुढे?” बस, एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. एखाद्या लहान मुलीने गोष्ट ऐकताना विचारावं तसं. पण त्या ‘पुढे?’ला भले भले फुटायचे. कल्याणच्या एका गृहस्थांनी माझ्यादेखत मुलाचा मोडलेला साखरपुडा, स्वतःचं बीपी आणि सोसायटीतलं पार्किंगचं भांडण असं सगळं एका दमात ओकलं. शेवटचं कोणी विचारलंही नव्हतं.

मंडळाचा नियम एकच, लपवून लग्न नाही. चष्मा असेल तर फोटोत चष्मा. कर्ज असेल तर बायोडेटात कर्ज. लोक चिडायचे, दुसऱ्या मंडळात जायचे आणि वर्षभराने गुपचूप परत यायचे.

तिकीट त्यांना कसं मिळालं, तर पक्षाला ती जागा पडणारच वाटत होती म्हणून. पण प्रचाराला मी बरोबर गेलेले ना, मला पहिल्याच दिवशी कळलं की ही बाई येतेय. दर दुसऱ्या दारात यांनीच जमवलेलं जोडपं. दार उघडलं की मत मागायचं राहायचं बाजूला, “काय गं, सासू बरी वागते ना आता?” आणि सासूही आतून ओरडायची, “वागते हो ताई, बसा!” ताई निवडून आल्या, पक्ष मात्र विरोधातच बसला. ताईंना त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. म्हणाल्या, “बरं झालं. मला उत्तरं द्यायची सवयच नाही.”

आता तो प्रसंग सांगते, ज्याच्यामुळे ताईंचं नाव झालं. आमदार झाल्या तरी रविवारी मंडळ चालूच होतं. एका रविवारी मी नवे बायोडेटा लावत बसलेले. एक मुलगा मोहन्याचा, निखिल शेलार. वडील तिथल्या कारखान्यातून रिटायर झालेले. दुसरा कळव्याचा, परबांचा. दोघंही नोकरीवाले, दोघांनीही लिहिलेलं, कोलशेतला स्वतःचा फ्लॅट, ताबा लवकरच. मी सहज पत्ता वाचला. पुन्हा वाचला. मग ओरडले, “ताई, कोलशेतला काय सगळे तीनशे दोनमध्येच राहणार आहेत का?”

एकच बिल्डिंग, एकच विंग, एकच नंबर. बिल्डिंगचं नाव मी लिहीत नाही, उगाच मला नोटीस यायची. ताईंनी दोन्ही कागद घेतले, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाल्या, “दोघांनाही बोलाव पुढच्या रविवारी. एकाच वेळी. फोनवर काही बोलू नकोस.”

मी काही बोलले नाही. तिथेच घोळ झाला. मंडळातून फोन आला, रविवारी सहकुटुंब या, म्हटल्यावर माणूस काय समजणार? शेलार कुटुंब आलं मोहन्याहून, निखिल नव्या शर्टात, काकूंच्या हातात नारळ. परब कुटुंब आलं कळव्याहून, मुलाच्या केसांना तेल, हातात पेढ्यांचा बॉक्स. दोन्हीकडचे समोरासमोर सोफ्यावर बसले आणि एकमेकांकडे बघून हसायला लागले. शेलार काका मुळात अबोल. ते पंख्याकडे बघत बसले. शेलार काकूंनी स्वयंपाकघराकडे दोनदा मान वळवून पाहिलं. परबांना मात्र धीर निघेना. शेवटी ते मला हळूच म्हणाले, “बाय, मुलगी खंय?”

“कुणाची मुलगी?” शेलार काकू म्हणाल्या. “आम्ही तर मुलगी बघायला आलोय.”

“आमी पण!”

दोन नवरदेव एकमेकांकडे बघत बसले. मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबून आत पळाले आणि पोह्यांच्या बश्या घेऊन आले, म्हटलं किमान पोहे तरी होऊ देत. ताई शांत. त्यांनी डबी काढली, सगळ्यांना आवळा सुपारी दिली. काकूंनीही घेतली, बिचाऱ्यांना वाटलं हा मंडळाचा रिवाज असेल. मग ताई म्हणाल्या, “आता मला सांगा, कोलशेतचा तीनशे दोन कोणाचा?”

“आमचा,” दोन्ही सोफ्यांवरून एकदम आलं.

त्यानंतर कोणी हसलं नाही. शेलार काकांच्या निवृत्तीचे सगळे पैसे त्यात गेलेले, निखिलचा हप्ता चालू. परबांनी गावची कलमं विकलेली, त्यांच्याही मुलाचा हप्ता चालू. बिल्डरने एकच फ्लॅट दोघांना विकला आणि दोन सहकारी बँकांनी, एकीने याला आणि दुसरीने त्याला, डोळे झाकून त्याच फ्लॅटवर कर्ज दिलं. बिल्डर दोघांनाही तोच फ्लॅट दाखवायचा, फक्त वेगवेगळ्या रविवारी. परब उठून उभे राहिले, वाटलं आता हे शेलार काकांच्या अंगावर जाणार. पण ते मटकन खाली बसले आणि पेढ्यांचा बॉक्स काकूंपुढे सरकवून म्हणाले, “घ्या. आता परत कुठे न्यायचे.”

वाचणाऱ्यांना वाटत असेल, आता परबांची मुलगी निघणार आणि निखिलशी तिचं जमणार. अहो, परबांना मुलगीच नव्हती. सगळंच काही इतकं सोयीचं नसतं.

बिल्डरचा फोन बंद झाला. पुढच्या महिन्यात कोलशेतला त्या दारावर दोन नोटिसा लागल्या, शेजारीशेजारी. एका बँकेची आणि दुसऱ्या बँकेची, दोन्हींचा मजकूर हाच की सदर सदनिका आमची. इकडे शेलारांकडे निखिलसाठी एक चांगलं स्थळ आलेलं, मुलगी डोंबिवलीचीच, शाळेत शिकवणारी. आणि ताईंनी काय करावं? निखिलच्या बायोडेटात फ्लॅटच्या पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘वादात’.

काकू रडत आल्या. “ताई, निदान ती जागा रिकामी ठेवा हो. मुलीला बघून तर जाऊ दे.”

“रिकामी जागासुद्धा खोटंच बोलते,” ताई म्हणाल्या. स्थळ गेलं. मला ताईंचा असा संताप आला म्हणून सांगू! मी दोन दिवस वर गेलेच नाही. फोन वाजत होता, म्हटलं वाजू दे. तिसऱ्या दिवशी ताईच खाली आल्या, माझ्या ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “मी लिहिलंय ना ‘वादात’, तर ते खोडायचं कामही माझंच. चल वर, प्रश्न लिहायचाय.”

विधानसभेतला प्रश्न हा एक वेगळाच प्रकार असतो. त्याची भाषा ठरलेली. अमुक झाले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. ताईंना ही भाषा इतकी आवडलेली की घरातही तीच. “नीला, दूध उतू गेले, हे खरे आहे काय? असल्यास, गॅस कोणी मोठा ठेवला?” मी पण म्हणायचे, “हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.” आणि ओटा पुसायचे.

तर प्रश्न गेला की कोलशेत येथील एकच सदनिका दोन सहकारी बँकांकडे गहाण आहे, हे खरे आहे काय. सरकारचं छापील उत्तर आलं, ‘हे खरे नाही.’ खालच्या सगळ्या पोटप्रश्नांना, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

मी म्हटलं, दारावर दोन नोटिसा आहेत, फोटो आहे, आणि हे खरे नाही? ताईंनी मंत्रालयात जाऊन एका अधिकाऱ्याला सुपारी दिली. तीन वेळा ‘पुढे?’ झाल्यावर तो म्हणाला, मॅडम, तुम्ही ‘गहाण’ लिहिलंत. गहाणखत झालेलंच नाही. फ्लॅटचे कागद बँकेत ‘तारण’ ठेवलेत. त्यामुळे गहाण आहे हे खरे नाही, हे उत्तर बरोबर आहे.

ताई घरी आल्या त्या हसत हसतच आल्या. मी एवढी चिडलेली आणि ही बाई हसतेय. “अगं, मुलाचे लोक नाही का म्हणत, दारू पीत नाही हो, फक्त बिअर! तसलं आहे हे. आपणच नीट विचारलं नाही.” पुढच्या अधिवेशनाला त्यांनी पुन्हा प्रश्न दिला. ‘गहाण, तारण, बोजा अथवा शासनास जो शब्द पसंत असेल त्या स्वरूपात.’ शेवटचा भाग विधानमंडळाच्या कचेरीने कापला, त्याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं.

त्या दिवशी प्रेक्षक गॅलरीत शेलार काका-काकू, परब आणि मी. परबांनी कोटही घातलेला. मंत्री उठले आणि वाचलं, ‘हे अंशतः खरे आहे.’ शिवाय बँका म्हणजे राज्याचा विषय नव्हे वगैरे. ताई उठल्या. आवाज नेहमीचा, मंडळातला.

“अध्यक्ष महोदय, मी इतकी वर्षं लग्नं जमवते आहे. अंशतः लग्न झालेला मुलगा मी पाहिलेला नाही. या फ्लॅटची मात्र दोन लग्नं लागलीत, आणि दोन्ही मांडवांत शासनाचाच भटजी होता. दस्त नोंदवतं ते खातं कोणाचं? राज्याचं. सहकारी बँकांकडे बघतं ते सहकार खातं कोणाचं? राज्याचं. पहिलं लग्न झालेलं असताना दुसऱ्याची नोंद करून घेणाऱ्याने जुनं पान उलटून का बघितलं नाही?”

सभागृह हसलं, सत्तेतलेही हसले. मंत्रीही हसले आणि म्हणाले, माननीय सदस्यांच्या भावना लक्षात घेऊन उचित कार्यवाही केली जाईल. कोणीही इथे खाली बसलं असतं. ताई उभ्याच. मान कलती.

“पुढे?”

गॅलरीत मी काकूंचा हात घट्ट धरला. मंत्री कागद चाळायला लागले. ताई वाट बघत उभ्या. मग मंत्र्यांनी मागच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं, अधिकाऱ्यांनी चिठ्ठी पुढे केली, आणि मंत्री म्हणाले की दोन्ही बँकांना बोलावून बैठक घेतली जाईल, कोणाचा करार आधी नोंदवला गेला ते तपासलं जाईल आणि घेणाऱ्या दोघांपैकी कोणीही बेघर होणार नाही. शेलार काका इतके अबोल, पण ते परबांच्या कानात काहीतरी म्हणाले. परब मोठ्याने “हां!” म्हणाले आणि शिपायाने आम्हा सगळ्यांना दटावलं.

आश्वासन दिलं म्हणजे लगेच काम झालं असं थोडंच असतं. बैठक लांबली. पुन्हा लांबली. मध्ये निवडणूक आली आणि ताई पडल्या. हो, चक्क पडल्या. मला अजून कळत नाही, ती सगळी जोडपी त्या दिवशी कुठे उलथली होती! ताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची पाटी धुऊन पुसून लावली. आणि दर आठवड्याला बूट घालून मंत्रालयात जायला लागल्या. दारावरचा पोलीस म्हणायचा, ताई, आता आमदार नाही ना तुम्ही? ताई म्हणायच्या, “प्रश्न माझा आहे ना अजून. पास काढ.” पाय सुजायचे तेव्हा. आजार आत सुरू झालेला, पण तिथे मात्र त्यांनीच नियम मोडला. आम्हाला काही सांगितलं नाही. याचा राग मला त्यांच्यावर आजही आहे.

शेवटी बैठक झाली. शेलारांचा करार आधीचा निघाला. दुसऱ्या बँकेला हक्क सोडावा लागला आणि परबांना त्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर बिल्डरने स्वतःच्या नावाने ठेवलेला फ्लॅट मिळाला. परब म्हणाले, “हवा जास्त येते वर,” आणि भेटेल त्याला तेच सांगत राहिले.

शेलारांनी आम्हाला कोलशेतला बोलावलं, म्हणाले छोटीशी पूजा आहे. लिफ्ट चालू झालेली नव्हती. ताई एकेका पायरीवर थांबत चढत होत्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, “मी दमले आहे, हे खरे नाही.” मी म्हटलं, “अंशतः.” त्यांना हसताना खोकला लागला.

दारावर नवीन पाटी, शेलार. काकूंनी तोरण मुद्दाम खाली बांधलेलं, नोटिसांच्या गोंदाचे डाग निघता निघेनात म्हणून. काका दारात उभे होते. ताईंनी उंबऱ्याबाहेरच थांबून पर्स उघडली, डबी काढली आणि काकांना आवळा सुपारी दिली. काकांना आता सुपारीचा अर्थ माहीत होता. त्यांनी ती तोंडात टाकली आणि ताठ उभे राहिले.

ताईंनी पदर सारखा केला. सभागृहात उभ्या राहायच्या तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कोलशेत येथील सदनिका क्रमांक तीनशे दोन ही श्री. शेलार यांची असून, चालू हप्ता वगळता अन्य कोणाचाही तिच्यावर हक्क नाही, हे खरे आहे काय?”

काकांनी सुपारी गिळली.

“हे खरे आहे.”

ताईंना अख्ख्या आमदारकीत हे उत्तर एकदाही मिळालं नव्हतं. एक तर ‘खरे नाही’, नाही तर ‘अंशतः’. मी वाट बघत होते, आता मान कलती होईल, आता ‘पुढे?’ येईल. ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा पुसला. माझ्याही डोळ्यांतलं पाणी थांबेना. इतक्यात आतून काकू हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, “अहो ताई, बाहेर का? पुढे या ना. मुलीकडची माणसं कधीची येऊन बसलीत.”

“कुठली मुलगी?”

“तीच हो, शाळेतली. त्यांनीच परत फोन केला. म्हणाले, ज्या मंडळाने ‘वादात’ लिहून दिलं, तिथला मुलगा आम्हाला चालेल.”

ताईंनी चष्मा चढवला. कॅनव्हासचे बूट उंबऱ्याशी काढले, एकदा तोरणाकडे पाहिलं आणि आत गेल्या. त्यानंतर त्या हॉस्पिटलात आणि मग गेल्याच, पण मी ते हॉस्पिटलातलं धरतच नाही. मी ताईंना शेवटचं पाहिलं ते हे, अनवाणी, पाठमोऱ्या, तुरुतुरु त्या घरात शिरताना. मी त्यांचे बूट बाजूला सारत होते, तेवढ्यात आतून डबीचं झाकण वाजलं आणि ताईंचा आवाज आला, “घ्या ना, आवळा सुपारी घ्या.”

म्हटलं, झालं. मुलीच्या बापाचं आता काही खरं नाही.